खरखर

नीरजानं बेस गिटारच्या जाड तारेवर बोट दाबलं, दुसऱ्या हातानं तार छेडली, आणि छोट्या अॅम्प्लिफायरमधून स्वराबरोबर घासल्यासारखी खरखर बाहेर आली. तिनं मानेवरची धातूची एक पट्टी ओलांडून बोट पुढे सरकवलं. पुन्हा तेच. आणखी एक पट्टी पुढे सरकल्यावर मात्र स्वर स्वच्छ आला, आणि त्यामुळे आधीचे दोन जास्तच वाईट वाटले.

"काका, इथं बझ होतंय," ती गिटारकडे बघतच म्हणाली. "तार घासतेय. खरखर येतेय."

समोर वेताच्या खुर्चीत बसलेल्या यज्ञेश्वर लिमयांनी मान पुढे केली.

"काय येतेय?"

"अहो, खरखर येतेय म्हणतेय ती," त्यांच्या पत्नी कुसुमताई पाण्याचे पेले ठेवता ठेवता म्हणाल्या.

"हं!" लिमये खुर्चीत मागे टेकले. "तुमच्या आधी तिघं येऊन गेले. तिघांनाही खरखर. पुण्यात साथ आलेली दिसते."

नीरजानं वळून मावशीकडे पाहिलं. मावशी, म्हणजे उल्काताई, भिंतीजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या. लिमयांनी विकायला काढलेली ही गिटार त्यांना हवी होती. नीरजाला त्यांनी पारख करायला आणलं होतं, कारण ती कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवायची. सदाशिव पेठेतल्या या इमारतीचे तीन जिने चढून दोघी दारापाशी आल्या, तेव्हा पाटी वाचून नीरजाला हसू आवरलं नव्हतं. 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते.' दार कुसुमताईंनी उघडलं होतं.

उल्काताई येरवड्यात, कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या. त्यांच्या वर्गात एक ढोल होता. त्यावर हात ठेवला की मुलांना ताल कळायचा. पण आवाज चढतो कसा, उतरतो कसा, हे ढोल सांगत नाही. मुलं बोलायला शिकत, पण सपाट बोलत. प्रश्न विचारला काय आणि हाक मारली काय, एकच सूर. त्यावर त्यांचा उपाय असा: मुलाचा एक तळवा बेस गिटारच्या लाकडावर ठेवायचा, दुसरा त्याच्याच गळ्यावर. खालचा स्वर छातीत उतरतो, वरचा गळ्याकडे सरकतो. हे त्यांनी नीरजाच्या गिटारवर करून पाहिलं होतं. एरवी हूं की चूं न करणाऱ्या एका मुलीनं त्या दिवशी 'आई?' असं प्रश्न विचारल्यासारखं म्हटलं होतं, शेवटी सूर उचलून. पण नीरजाची गिटार नीरजाला लागायची. आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या लोकांनी या आठवड्यापर्यंतच वाट पाहायचं कबूल केलं होतं. नाहीतर ते कीबोर्ड आणणार होते. नवा, चकचकीत आणि मुलांच्या हाताला काहीही न सांगणारा.

"मान थोडी वाकलीय, चालेल," नीरजा आता उल्काताईंशी बोलत होती. "खुंट्या गंजल्यात, तेही चालेल. पण ही एक पट्टी वर आलीय, तिच्या लगेच मागचे स्वर खराब. रिपेअर होईल. पण ते आधी मान्य तर करायला हवं ना."

"काय मान्य करायला हवं?" लिमयांनी विचारलं.

"दुरुस्ती, अहो. दुरुस्ती लागेल म्हणतेय," कुसुमताई म्हणाल्या.

लिमये उठले. त्यांनी नीरजाच्या हातातून गिटार घेतली, परत बसून मांडीवर ठेवली आणि तिच्या लाकडी अंगाच्या वरच्या काठाला हनुवटी टेकवून दोन-चार स्वर वाजवले. बोटं अजून तयार होती. ऐन उमेदीत दिवसा बँकेत आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात, असे दिवस त्यांनी काढले होते. गणपतीत तर स्पीकरच्या भिंतीला पाठ लावून मांडवामांडवांतून वाजवलं होतं. आत्ताही त्यांनी नेमकी तीच पट्टी दाबली, तोच खराब स्वर वाजवला, खरखर खोलीभर झाली, आणि त्यांचा चेहरा तृप्त झाला.

"ऐका. लोण्यासारखा आवाज आहे."

नीरजानं अॅम्प्लिफायर बंद केला.

"विकायची कारण एकट्यानं वाजवायचं हे वाद्य नाही," लिमये म्हणाले. "सतार एकटा वाजवील, बासरी एकटा वाजवील. बेसला कुणीतरी गाणारं लागतं. आमचे गाणारे पांगले. पण माझी एक अट आहे. हिच्यात खोट आहे असं ज्याला वाटतं, त्यानं ही घेऊ नये. खोट असलेली वस्तू मी विकत नसतो. खरखर नाही, एवढं म्हणा आणि उचला. किमतीचं आपण बसून बघू."

त्यांनी गिटार दिवाणावर ठेवली आणि एका मऊ फडक्यानं तिचं अंग पुसू लागले. नीरजा अॅम्प्लिफायरची वायर काढायला खाली वाकली. तिची पाठ लिमयांकडे होती. ती काही कुजबुजली नाही, चांगल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मावशी, चल. धडधडीत खोटं बोलताहेत हे. एवढं ऐकू येत नाही असं शक्यच नाही."

कुसुमताईंचा हात पेल्यावर थांबला.

लिमये फडकं फिरवत राहिले. कोपरे पुसले, खुंट्यांच्या मधली धूळ काढली.

उल्काताईंनी दोन्ही पाहिलं, तो थांबलेला हात आणि तो न थांबलेला. मग त्यांनी खोलीवरून नजर फिरवली. लिमयांच्या खुर्चीची पाठ खिडकीला होती. आल्यागेल्यासाठी ठेवलेल्या खुर्च्या मात्र खिडकीसमोर होत्या. पाहुणा बसला की उजेड थेट त्याच्या तोंडावर. पुण्यातल्या घरात पाहुण्याला असं उन्हात कुणी बसवत नाही. उल्काताईंच्या वर्गात मात्र अशीच मांडणी होती, आणि ती कशासाठी असते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी लिमयांची नजर वर येईपर्यंत वाट पाहिली. मग आवाज इतका खाली नेला की जवळ उभ्या नीरजालाही पुरतं ऐकू गेलं नाही.

"तुम्ही हे कुणाकडे शिकलात?"

"कुणाकडे नाही," लिमये ताबडतोब म्हणाले. "रेकॉर्डी लावून शिकलो. तुम्ही शिक्षिका ना? वाटलंच. स्पष्ट बोलता. नाहीतर हल्ली सगळे पुटपुटतात. ही आमची मंडळीसुद्धा अलीकडे पुटपुटायला लागली आहे."

नीरजा चकित होऊन एकदा मावशीकडे, एकदा लिमयांकडे बघत राहिली. पेले उचलून कुसुमताई मघाशीच आत गेल्या होत्या. उल्काताई उठल्या.

"मी जरा कुसुमताईंना चहाला मदत करते," त्या म्हणाल्या.

स्वयंपाकघर चिंचोळं होतं. कुसुमताईंनी आधण ठेवलं होतं आणि आलं किसत होत्या. त्यांनी मागे पाहिलं नाही.

"खुर्च्या तुम्ही तशा मांडल्यात?" उल्काताईंनी विचारलं.

"तिथं उजेड चांगला येतो."

"हो. बोलणाऱ्याच्या तोंडावर."

किसणीवरचा हात थांबला. पाणी उकळू लागलं होतं. कुसुमताईंनी पातेल्यात साखर टाकली, मग चहा, आणि मग झाकण शोधण्यात बराच वेळ घालवला.

"ते खोटं बोलत नाहीत हो," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या तिघांतल्या दुसऱ्या गृहस्थांनी तोंडावर लबाड म्हटलं त्यांना. या घरात येऊन. ते गेल्यावर आमचे हे जेवले नाहीत. मी काय सांगणार? तुम्हाला ऐकू येत नाही, असं? त्यांचं सगळं त्या कानांवर उभं होतं."

"थोडं ऐकू येतं त्यांना. जाड, खालचे आवाज येतात. बारीक आवाज जातात आधी. बोलण्यातलेही जातात, म्हणून त्यांना वाटतं की लोक पुटपुटतात."

"म्हणजे त्यांनाही ठाऊक नाही?"

"ओठ वाचणाऱ्याला आपण ओठ वाचतोय हे पुष्कळदा कळत नाही. त्याला वाटतं, समोरचा स्पष्ट बोलला."

कुसुमताईंनी पदरानं कपाळ टिपलं. "तुम्हाला ती हवी असेल तर म्हणा की नाही खरखर. एका वाक्याचं काम आहे. तुम्ही दुरुस्त करूनच घेणार. ते खूश, मीही सुटेन."

उल्काताई ओट्याला टेकल्या. सोपं होतं खरं. पण वर्गात त्यांचा एक नेम होता. मुलाचा 'स' आला नाही, तर आला नाही असंच सांगायचं. शाबास म्हणून पुढे जायचं नाही. आला नाही म्हणायचं आणि त्याचा हात सोडायचा नाही. त्या नेमाला त्यांनी पालकांसाठी, तपासणीला आलेल्या साहेबांसाठी, कुणासाठीच सूट दिली नव्हती.

"ते वाक्य मला म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण त्यांना लबाड ठरवून मी निघून जाणारही नाही. ती खरखर त्यांची त्यांना सापडेल असं मी करू शकते. तुमची हरकत असेल तर नको. मग चहा घेऊन आम्ही निघतो, गिटार न घेता."

"सापडली तर बाकीचंही सापडेल."

"हो."

चहा उकळून पातेल्याच्या काठापर्यंत आला. कुसुमताईंनी गॅस बंद केला. फेस हळूहळू खाली बसला, त्याच्याकडे त्या बघत राहिल्या.

"इतकी वर्षं मी प्रत्येक माणसाचं प्रत्येक वाक्य दोनदा बोलतेय," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटतं, बाईला सवय आहे." त्यांनी गाळणं उचललं. "मी चहा गाळते. तुम्ही व्हा पुढे."

बाहेर नीरजा वायर गुंडाळून तयार होती. उल्काताईंनी तिला नजरेनंच बसायला सांगितलं आणि दिवाणावरची गिटार घेऊन, खुर्ची ओढून त्या लिमयांच्या अगदी समोर बसल्या.

"तुमची अट ऐकली. आता माझी ऐका. माझी मुलं ही गिटार कानानं नाही ऐकणार, हातानं ऐकणार. त्यांना ती चालेल का, हे तुम्ही ठरवायचं."

"हातानं?" लिमयांना मजा वाटली. "बरं. काय करू?"

"डोळे मिटायचे. डावा हात गिटारच्या मानेला मागून लावायचा. धरायचा नाही, नुसता ठेवायचा. वाजवणार मी."

"पण मी आत्ताच वाजवली की."

"वाजवणारा हात कामात असतो. ऐकायला रिकामा हात लागतो."

लिमयांनी भुवया उंचावल्या, पण हात ठेवला आणि डोळे मिटले. उल्काताईंनी त्यांच्या मनगटावर हलकेच थोपटलं. वर्गात 'आता लक्ष दे' म्हणायची ही खूण होती. मग कुठंही न दाबता जाड तार छेडली. स्वर बराच वेळ घुमला. तो विरेपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी चौथी पट्टी दाबली, तार पुन्हा छेडली आणि पुन्हा थांबल्या. परत पहिला. परत दुसरा. घाई नाही. एखाद्या लहान मुलाच्या हाताला जितका वेळ लागतो, तितका वेळ त्यांनी या हातालाही दिला.

नीरजा चुळबुळ करायची थांबली होती.

उल्काताईंनी मनगटावर थोपटलं. लिमयांनी डोळे उघडले.

"दोन्ही सारखे होते?"

"स्वर वेगळे होते."

"ते सोडून."

लिमयांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "पहिला सरळ आला. दुसऱ्यात..." ते अडले. "परत वाजवा."

उल्काताईंनी परत वाजवला. या खेपेला लिमयांनी डोळे मिटले नाहीत. ते आपल्या हाताकडेच बघत होते.

"दुसऱ्यात काहीतरी चालतंय. बारीक बारीक."

"माझी मुलं त्याला मुंग्या म्हणतात."

"मुंग्या." लिमये स्वतःशी म्हणाले. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, हनुवटी टेकवली, तो स्वर वाजवला. त्यांना हवा तसाच गोल आला. मग त्यांनी उल्काताईंना तार छेडायला लावली आणि तळवा मानेमागे ठेवला. मुंग्या आल्या. हनुवटी टेकवली, नाहीत. तळवा ठेवला, आल्या. असं त्यांनी कितीदा तरी केलं, आणि कुणीही त्यांना थांबवलं नाही.

स्वयंपाकघराच्या दारात कुसुमताई ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"कुसुम," लिमये गिटारवरून नजर न काढता म्हणाले, "ही खरखर तुला ऐकू येते?"

कुसुमताईंनी होकारार्थी मान डोलावली, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ते बघत नाहीत. ते बघेपर्यंत त्या थांबल्या आणि पुन्हा मान डोलावली.

"त्या तिघांनाही येत होती?"

"हो."

"आणि मी त्यांना काय काय बोललो." लिमयांच्या ओठाचा एक कोपरा हलला. "एकाला तर कान साफ करून ये म्हणालो."

नीरजाला एकदम हसू फुटलं, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. पण लिमयांनी तिच्याकडे पाहिलं ते रागानं नव्हे.

"हस, हस. तू मघाशी मला काय म्हणालीस गं? वायर काढताना काहीतरी म्हणालीस. तुझी पाठ हलत होती."

नीरजाचा चेहरा लाल झाला. ती उठून त्यांच्यासमोर आली, उजेडात.

"तुम्ही खोटं बोलताय असं म्हणाले. सॉरी, काका. माझं चुकलं."

"चुकलं कसं? खरखर होतीच." त्यांनी गिटार बाजूला ठेवली. मग उल्काताईंकडे वळले. "हे कधीपासून आहे?"

"पट्टी कधी वर आली ते मला सांगता येणार नाही," उल्काताई सावकाश म्हणाल्या. "आणि दुसरं जे विचारताय, ते तपासून घ्यावं लागेल. आमच्या शाळेत ते तपासणारी बाई चांगली आहे. मोठ्या माणसांनाही ओरडते."

लिमये उठले, आतल्या खोलीत गेले. कपाटाचं दार उघडल्याचा, काहीतरी शोधल्याचा आवाज आला. बाहेर तिघी चहाकडे बघत राहिल्या. कुसुमताईंनी ट्रे अजून हातातच धरला होता.

ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक छोटी कानस आणि लाकडी हातोडी होती.

"ही आज मिळणार नाही," ते म्हणाले.

नीरजानं मावशीचा दंड धरला. "काका, अहो, पण आम्हाला ती आहे तशी चालेल, रिपेअर आम्ही—"

"मला चालणार नाही. मी खोट असलेली वस्तू विकत नसतो, हे सांगितलंय मघाशी." त्यांनी गिटार दिवाणावर आडवी केली, तारा सैल केल्या आणि बाजूला सारल्या. "आणि मुलांच्या हातात तर नाहीच नाही. त्यांना मुंग्या म्हणजेच स्वर वाटायचा. बुधवारी देतो. मी स्वतः आणून देतो. एकदा त्यांच्या हाताखाली वाजवून बघेन, मग ठेवीन."

"मुलं प्रश्न फार विचारतात," उल्काताई म्हणाल्या.

"पुटपुटत तर नाहीत?"

"नाही. आमच्याकडे कुणी पुटपुटत नाही."

लिमये हसले, बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच मोकळेपणानं. मग ते खाली वाकले. डोळे मिटून त्यांनी अंगठा एकेका पट्टीवरून सावकाश सरकवत नेला, एक, दोन, तीन, चार, आणि पाचवीवर थांबले. अंगठा तिथंच मागे-पुढे फिरवला. नीरजा पुढे होऊन बघू लागली. त्यांनी न बोलता तिचा अंगठा धरून त्या जागी ठेवला. तिला ती उंची लागली. तिनं मान डोलावली. त्यांनी हातोडीचा पहिला हलका ठोका दिला आणि तळवा मागे लावून पाहिलं.

उल्काताईंनी पर्स खांद्याला लावली. "बुधवारी या मग. शाळा येरवड्याचा पूल ओलांडल्यावर डाव्या हाताला, पेट्रोलपंपाच्या मागे. निळं फाटक आहे."

लिमयांचं डोकं खालीच होतं. कुसुमताईंचं तोंड सवयीनं उघडलं, 'अहो' ओठांपर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं. नीरजाही काही बोलली नाही. हातोडीचे आणखी दोन ठोके पडले.

मग खोलीतली शांतता त्यांना कशानं कळली कोण जाणे, पण लिमयांनी मान वर केली. एकेकीच्या चेहऱ्याकडे पाहत ते उल्काताईंपाशी थांबले.

"काही म्हणालात का?" ते म्हणाले. "मला ऐकू आलं नाही."

कुसुमताईंनी ट्रे टेबलावर ठेवला. पाहुण्यांची खुर्ची त्यांनी नवऱ्यासमोर ओढून घेतली, आणि उजेडाकडे तोंड करून त्या तिच्यात बसल्या.